मेणाच्या ठोकळ्यातली गाठ: सांगली-मिरजेच्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
सांगली, मिरज व परिसरातील कर्करोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर यांस,

विषय: स्वादुपिंडाच्या कर्करोगात इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारयंत्रणेकरवी कर्करोगावर करावयाच्या उपचाराच्या) आधी करावयाची तपासणी आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे जतन.

सादर नमस्कार, विनंती विशेष.

माझ्या कपाटात, एके काळी ज्या डबीत पाटल्या असत त्या डबीत, मेणाचा एक ठोकळा ठेवलेला आहे. आपण ज्याला ‘ब्लॉक’ म्हणता तो हा. त्यात माझ्या धाकट्या भावाच्या स्वादुपिंडातल्या गाठीचा नखाएवढा तुकडा आहे. भाऊ २०२४ च्या जानेवारीत गेला. त्यानंतर चार महिन्यांनी मी हा ठोकळा रीतसर अर्ज करून मागून घेतला आणि त्यावर एक तपासणी करवून घेतली, जी तो हयात असताना व्हायला हवी होती. हे पत्र त्या तपासणीविषयी आणि अशा ठोकळ्यांविषयी आहे.

तासगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. मी डॉक्टर नाही आणि आपल्या विद्येवर बोट ठेवण्याचा मला अधिकारही नाही. परंतु विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केल्यापासून कोकणातला आणि कर्नाटकातलाही रुग्ण ज्या गावाच्या भरवशावर घर सोडतो, त्या गावातल्या डॉक्टरांशी बोलायचे नाही तर कोणाशी, एवढ्याच विचाराने लिहीत आहे. समजुतीत काही चुकत असेल तर ती चूक जाहीरपणे दाखवून द्यावी, मला आनंदच वाटेल.

भावाला २०२१ च्या दिवाळीत, वयाच्या ५६ व्या वर्षी, पहिल्यांदा साखर निघाली. घराण्यात मधुमेह नाही, तो अंगाने मुळात काटक, आणि साखर निघाल्यावर वजन उलट उतरतच गेले. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी सुमारे शंभरात एकाला पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघतो, हे मी पुढे वाचले. शंभरात एक, म्हणून सगळ्यांचे स्कॅन करा असे कोणी म्हणणार नाही. पण साखर वाढत असताना वजन घटत असेल तर त्या एकाचा विचार मनात यावा, इतके तरी म्हणता येईल. फेब्रुवारीत अंगाला खाज सुटली आणि डोळे पिवळे झाले. बागेत माल उतरायला आला होता, व्यापारी दारात बसला होता, म्हणून काविळीवर मुळीचा रस देणाऱ्या माणसाकडे आमचे पाच आठवडे गेले. हा दोष आमचा आहे, कोणा डॉक्टरचा नाही. मे २०२२ मध्ये मिरजेत व्हिपलची (स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग व लगतचे अवयव काढण्याची) शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली. या आजारात निदान होते तेव्हा शंभरातले जेमतेम पंधरा-वीस जणच शस्त्रक्रिया करण्याजोगे असतात, त्यांत तो बसला. पुढे किमोही पुरी झाली. २०२३ च्या पावसाळ्यात मात्र यकृतात गाठी दिसल्या.

तेव्हा आम्ही दुसऱ्या शहरातल्या एका रुग्णालयात गेलो. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एका संस्थेपुरते नाही. तेथे असे सांगण्यात आले की, किमोने माणूस थकतो, त्यापेक्षा प्रतिकारशक्ती वाढवणारी इंजेक्शने घ्या. भाऊ मला म्हणाला, “आक्का, ह्या इंजेक्शनानं आतली ताकद जागी हुती म्हणत्यात.” चार इंजेक्शने झाली. पहिल्या दोहोंना घरातले सोने गेले, पुढच्या दोहोंना अर्धा एकर बाग गहाण पडली. चौथ्यानंतर पोटात पाणी झाले. या इंजेक्शनाआधी काही तपासावे लागते का, हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ हे शब्द करोनाच्या साथीपासून आपल्याकडे इतके स्वस्त झाले आहेत की काढ्याच्या पुडीवरही तेच छापलेले असते आणि लाखाच्या इंजेक्शनाबद्दलही तेच सांगितले जाते. आमची सांगली तर हळदीची पेठ. भाऊ आजारी आहे म्हटल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण सेलमच्या हळकुंडाची पूड घेऊन आला. हळदीतल्या कर्क्युमिनचा या आजारातला उपयोगही तपासून झालेला आहे: अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिले गेले; ते आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरले आणि मूल्यमापन करता आलेल्या २१ जणांपैकी दोघांतच काही परिणाम दिसला. हळद निदान परवडते तरी.

भावाच्या आजारात अडचण प्रतिकारशक्ती कमी असण्याची नव्हतीच. स्वादुपिंडाच्या गाठीत प्रतिकारयंत्रणेच्या पेशी भरपूर असतात. पण त्या बहुतांशी गाठीला सामील झालेल्या असतात. मॅक्रोफेज, मायलॉइड कुळातल्या दमनकारी पेशी, नियामक टी-पेशी यांची तेथे गर्दी असते, आणि जिचे काम कर्करोगाची पेशी मारण्याचे ती मारक टी-पेशी बाहेरच राहते किंवा आत येऊन निष्प्रभ होते. यातले मला सर्वांत विलक्षण वाटले ते असे की, ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या गाठीत आढळणारा केरास या जनुकातला बिघाड केवळ पेशींची वाढ बेबंद करून थांबत नाही. तो पेशींना अशी रसायने सोडायला लावतो की दमनकारी पेशी आपसूक तिकडे खेचल्या जातात. म्हणजे गाठ आपले रक्षक स्वतःच बोलावून घेते. त्यात आणखी एक गोष्ट अशी की, मेलॅनोमात (त्वचेच्या एका कर्करोगात) किंवा धूम्रपानाने होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगात जनुकीय बदल पुष्कळ असल्याने टी-पेशींना परकेपणाच्या खुणा पुष्कळ मिळतात. येथे त्या मोजक्याच असतात.

मी भावाला हे त्याच्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न केला होता. बागेत पानांची गर्दी झाली की फवारा वरच्या पानांवरच राहतो, घडापर्यंत पोहोचत नाही आणि आत भुरी वाढत राहते; तसे या गाठीचे आहे. गाठीभोवती तंतुमय ऊतीचे इतके जाड आवरण असते की कित्येकदा गाठीचा मोठा भाग तेच असते, कर्करोगाच्या पेशी थोड्या. त्याने लगेच विचारले, मग विरळणी का करत नाहीत? प्रश्न बरोबर होता आणि संशोधकांनाही तोच पडला होता. पण आवरण तयार होण्याचे संदेश रोखणाऱ्या एका औषधाची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या रुग्णांची प्रकृती उलट अधिक बिघडत होती. २०१४ मध्ये उंदरांवरच्या दोन स्वतंत्र अभ्यासांत दिसले की आवरण काढून टाकले तर गाठ आणखी आक्रमक होते. आवरणातले हायल्युरोनन विरघळवणाऱ्या औषधाची मोठी चाचणीही २०१९ मध्ये अपयशी ठरली. जे आवरण औषधाला अडवते तेच काही अंशी गाठीलाही आवळून धरते, असा त्याचा अर्थ लावला जातो. भावाला हे ऐकून समाधान झाले नाही. मलाही झाले नव्हते.

आता त्या इंजेक्शनांकडे, म्हणजे इम्युनोथेरपीकडे, येते. जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना ज्या शोधासाठी २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यावर ही औषधे उभी आहेत: टी-पेशीवर असलेले ब्रेक सोडवायचे, म्हणजे ती कामाला लागते. मेलॅनोमाच्या रुग्णांचे आयुष्य या औषधांनी पालटले, यात शंका नाही. पण ब्रेक सोडवून उपयोग होण्यासाठी टी-पेशी गाठीत हजर तर हवी. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात या औषधांपैकी ड्युरव्हॅलुमॅब एकटे देऊन पाहिले तेव्हा एकाही रुग्णाची गाठ आक्रसली नाही. त्याला अशाच दुसऱ्या औषधाची, ट्रेमेलिमुमॅबची, जोड दिल्यावर हे प्रमाण ३.१ टक्के आले. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडात १८० रुग्णांच्या चाचणीत हीच जोडी किमोबरोबर दिली गेली, तेव्हाही केवळ किमो घेणाऱ्यांपेक्षा आयुष्य अर्थपूर्ण प्रमाणात वाढले नाही. माझ्या भावाला इंजेक्शने सुरू झाली ती या दोन्ही चाचण्यांचे निकाल सर्वांना उपलब्ध झाल्यानंतर.

याला अपवाद आहे, आणि त्या अपवादासाठीच तपासणी आहे. स्वादुपिंडाच्या सुमारे शंभरातल्या एका गाठीत डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असते. अशा गाठीत चुका साचत जातात, परकेपणाच्या खुणा वाढतात आणि टी-पेशीला धरायला काही सापडते. अशा दोषाच्या गाठींसाठी, मग त्या कोणत्याही अवयवातल्या असोत, याच वर्गातल्या पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. तरीही स्वादुपिंडाच्या बाबतीत, एका अभ्यासात असा दोष असलेल्या २२ रुग्णांपैकी ४ जणांनाच प्रतिसाद मिळाला. हा दोष आहे की नाही हे एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ या चार प्रथिनांसाठी ब्लॉकच्या पातळ कापांना रंग देऊन पाहता येते. नवी बायॉप्सी लागत नाही. मी ती करवून घेतली, काही हजार रुपयांत. चारही प्रथिने जागच्या जागी होती. म्हणजे भावाला त्या इंजेक्शनांचा उपयोग होण्याची आशा जवळपास नव्हती, आणि हे सांगू शकणारा मेणाचा ठोकळा सगळा वेळ मिरजेतल्या एका फडताळात पडून होता.

म्हणून पहिली विनंती. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा अहवाल जेथे तयार होतो, तेथे या चार प्रथिनांची तपासणी मागणी येण्याची वाट न पाहता व्हावी, आणि तिचा निकाल मराठीत दोन ओळींत नातेवाइकांना कळावा. याच वेळी डीएनएच्या दुरुस्तीशी संबंधित बीआरसीए जनुकांच्या तपासणीसाठी रक्त घेण्याचा सल्लाही द्यावा. ‘पोलो’ या चाचणीसाठी पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे ३,३१५ रुग्ण तपासले गेले तेव्हा ७.५ टक्के लोकांत हा आनुवंशिक दोष निघाला. अशांना प्लॅटिनमवर्गीय किमो अधिक लागू पडते आणि पुढे ओलापॅरिब या औषधाचा मार्ग उरतो. भावाचे रक्त असताना हे सहज कळले असते. आता मला आणि भाच्याला आपापली तपासणी करून अंदाज बांधावा लागणार आहे.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की या आजारात एवढा खटाटोप करून हाती काय लागणार? जगात २०२२ मध्ये याचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि ४ लाख ६७ हजार मृत्यू झाले. या दोन आकड्यांतले अंतर इतके कमी असलेले कर्करोग थोडेच. तरीही ‘काही होत नाही’ हे म्हणणे खरे नाही. शस्त्रक्रियेनंतर चार औषधांची किमो दिलेल्या रुग्णांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ५४.४ महिने भरले, तर केवळ जेमसिटाबिन घेणाऱ्यांचे ३५ महिने, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. आणि प्रतिकारयंत्रणेच्या बाबतीत ज्या गोष्टीने मी रात्रभर जागी राहिले, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात विनोद बालचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १६ रुग्णांना प्रत्येकाची स्वतंत्र लस दिली. शस्त्रक्रियेत निघालेली गाठ जर्मनीला पाठवायची, तिच्यातले जनुकीय बदल वाचायचे, त्यांतून जास्तीत जास्त २० खुणा निवडायच्या आणि त्या शिकवणारी एमआरएनए लस त्या एकाच माणसासाठी बनवायची, अशी ही रीत. शस्त्रक्रियेपासून पहिल्या मात्रेपर्यंत साधारण नऊ आठवडे लागले. लसीबरोबर ब्रेक सोडवणारे एक औषध आणि नंतर किमो दिली गेली. १६ पैकी ८ जणांच्या रक्तात लसीने शिकवलेल्या टी-पेशी उभ्या राहिल्या. २०२५ मध्ये, तीन वर्षांहून अधिक काळाच्या पाठपुराव्यानंतर, त्या आठांपैकी सहा जणांचा कर्करोग परतलेला नव्हता. उरलेल्या आठांपैकी सात जणांचा परतला होता. १६ हा आकडा लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ज्यांची प्रकृती मुळात बरी त्यांच्यातच टी-पेशी उभ्या राहिल्या असतील ही शंका रास्त आहे. ती फिटावी म्हणून मोठी चाचणी चालू आहे. यापेक्षा सोपी, केरासच्या ठरावीक बिघाडांवरची, सर्वांना एकच चालेल अशी लसही आहे; तिच्या पहिल्या चाचणीत २५ पैकी २१ जणांत टी-पेशींचा प्रतिसाद दिसला. आता कोणी ‘लस आली’ म्हणून आमच्या गावात पत्रके वाटू नयेत. लस अजून आलेली नाही.

यातून मी घेतला तो मुद्दा वेगळा आहे. या साऱ्या संशोधनाची सुरुवात प्रयोगशाळेतल्या यंत्रापासून होत नाही, शस्त्रक्रियागृहातल्या भांड्यापासून होते. गाठ निघाल्यावर ती किती मिनिटे बाहेर राहिली, कोणत्या फॉर्मेलिनमध्ये किती तास बुडाली, तिचा एक तुकडा गोठवून ठेवला की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. आपल्याकडे लहान रुग्णालयातून गाठ एखाद्या बरणीत, अंदाजाने पाणी घातलेल्या फॉर्मेलिनमध्ये, एसटीच्या पार्सलाने जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. अशा ऊतीतला आरएनए पुढे वाचण्याजोगा राहत नाही.

म्हणून दुसरी विनंती: स्वादुपिंडाच्या ज्या काही शस्त्रक्रिया आपल्या परिसरात होतात, त्यांतल्या प्रत्येक गाठीचा एक लहान तुकडा आणि थोडे रक्त, रुग्णाच्या संमतीने, गोठवून जपावे. खर्चाचे कारण मला पटत नाही. आमच्या गावात कृत्रिम रेतन करणारे पशुवैद्यक मोटारसायकलच्या मागे उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचा कॅन बांधून वाड्यावस्त्यांवर फिरतात. म्हशीच्या रेतकांड्या ज्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे इतक्या निगुतीने सांभाळल्या जातात, तेथे माणसाच्या गाठीचे चार तुकडे सांभाळता येत नाहीत असे म्हणणे अवघड आहे. हा विनोद म्हणून लिहिलेले नाही.

जपलेल्या ऊतींचे पुढे काय, हाही प्रश्न रास्त आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ पासून राष्ट्रीय कर्करोग ग्रिड काम करते आणि देशातली ३०० हून अधिक केंद्रे त्यात आहेत. बार्शीसारख्या गावात १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी, आणि ती आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. टाटा रुग्णालयाच्याच डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगात त्याच ब्रेक सोडवणाऱ्या वर्गातले निव्होलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, किमोबरोबर देऊन पाहिले आणि वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हा प्रश्न श्रीमंत देशातल्या कंपनीला पडणे शक्यच नव्हते, तो आपल्या रुग्णाचा खिसा पाहणाऱ्या डॉक्टरलाच पडला. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या सहकार्यातून झालेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मान्यता मिळाली. तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, घट्ट गाठींसाठी नव्हे, पण टी-पेशी बदलून परत देण्याचे तंत्र येथे जमते, एवढे त्याने दाखवले. तेव्हा ऊती जपल्या तर त्या कोणाला द्यायच्या, याचे उत्तर न सापडण्यासारखे नाही. आपल्यापैकी एखादा विभाग ग्रिडशी आणि एखाद्या संशोधन केंद्राशी बोलणी करील तर सुरुवात होईल. देशात चालू असलेल्या चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, सर्वांना पाहायला खुली आहे. तीत या आजाराचे नवे काही आले का, हे महिन्यातून एकदा पाहून रुग्णाला सांगणे एवढे तर उद्यापासून होऊ शकते.

संमतीविषयी एक सांगायचे राहिले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत जपलेल्या ऊतींविषयी सविस्तर नियम आहेत आणि ते पाळावेतच. पण आमच्याकडून शस्त्रक्रियेच्या सकाळी ज्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या, ते इंग्रजीत होते. भावाने वाचल्याशिवाय सही केली; मीही केली, आणि मला इंग्रजी येते. ऊती जपण्याचे संमतीपत्र मराठीत असावे, आदल्या दिवशी द्यावे, आणि त्यात ‘नाही’ लिहिण्याची जागा ‘होय’इतकीच मोठी असावी. असे विचारले असते तर भाऊ काय म्हणाला असता, हे मला ठाऊक आहे. विद्यापीठाच्या माणसांना त्याने बागेतली माती आणि रोगट पाने दर हंगामात फुकट नेऊ दिली होती.

चार तपासण्यांसाठी काप घेऊनही माझ्याकडच्या ठोकळ्यात अजून बरेच शिल्लक आहे. भाच्याची आणि वहिनींची लेखी संमती मी घेऊन ठेवली आहे. आपल्यापैकी ज्या विभागाला तो हवा असेल त्यांनी निरोप द्यावा. गुरुवारी तासगावचा बाजार असतो, त्या दिवसाव्यतिरिक्त कोणत्याही दिवशी मी मिरजेला आणून देईन. उन्हाळ्यात मेण मऊ पडते, तेव्हा फेब्रुवारी संपायच्या आत कळवल्यास बरे.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
तासगाव, जि. सांगली